लाल शाईच्या चार नोंदी

इंग्रजी शिकविणे हा आमचा गेल्या तीस-बत्तीस वर्षांचा धंदा, आणि लोकांचे अर्ज तपासून देणे हा त्याला चिकटलेला बिनपगारी जोडधंदा. नांदेडसारख्या शहरात इंग्रजीचा प्राध्यापक म्हणजे लोकांच्या दृष्टीने अर्धा वकील असतो. विम्याचा दावा फेटाळलेला मनुष्य येतो, बँकेच्या नोटिशीने घाबरलेला येतो, परदेशी विद्यापीठाच्या दारी उभ्या असलेल्या मुलाचा बाप येतो. या सर्वांचे आम्ही हसतमुखाने स्वागत करतो असे लिहिले तर आमच्या घरची मंडळी हा अंक मिटून ठेवतील. तेव्हा तसे लिहीत नाही.

गेल्या ज्येष्ठातील एका दुपारी असाच एक गृहस्थ दारी आला. अंगाने काटक, पाठ ताठ, केस पार पिकलेले. त्याने आम्हांस 'सर' म्हणून रामराम केला आणि थैलीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले एक जुने पुस्तक काढून मेजावर ठेवले. सैन्यातून मुक्त केल्याचे ते पुस्तक होते. त्यावरील नाव वाचले तेव्हा ओळख पटली. औसा तालुक्यातील शाळेत हा आमच्या मागल्या बाकावर बसत असे, आणि इंग्रजीच्या तासाला आमच्या वहीत डोकावत असे. "अरे, सर कसला?" असे म्हटल्यावर तो हसला खरा, पण 'सर' काही सोडीना.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. जुलै १९८७ मध्ये तो शिपाई म्हणून भरती झाला. एप्रिल १९९९ मध्ये त्यास मुक्त करण्यात आले. नोकरी अकरा वर्षे नऊ महिने. शिपायास निवृत्तिवेतन मिळावयाचे तर पंधरा वर्षे भरावी लागतात. ती भरली नाहीत. मुक्ततेचे कारण म्हणून पुस्तकात इंग्रजीत एकच वाक्य आहे. 'यापुढे सेवेची आवश्यकता नाही' असा त्याचा अर्थ. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे याचा फेरविचार मागता येईल, परंतु आधी सर्व हकीकत इंग्रजीत नीट लिहून आण, असे त्यास एका वकिलाने सांगितले होते. पुतण्याने लिहिलेली ती हकीकत तपासून घेण्यासाठी तो आमच्याकडे आला होता.

खरे सांगावयाचे तर आमचे पहिले मत त्याच्या विरुद्ध झाले. पंचवीस वर्षांनी ज्यास अन्यायाची आठवण होते त्यास बहुधा पैशाची आठवण झालेली असते, असा आमचा एक समज आहे. "इतकी वर्षे काय केलेस?" असे आम्ही जरा मास्तरी थाटातच विचारले.

तो म्हणाला, "कुणी सांगितलंच न्हाई, सर. गावात मला मिलट्री म्हणतेत. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतेत, पुढं खुर्चीवर बसवतेत. सरकारच्या कागदावर मात्र मी माजी सैनिक न्हाई. औंदा नातवानं इचारलं, आबा, तुमचं कार्ड कुठंय?"

आणि ते खरेच आहे. ज्यास गैरवर्तनामुळे किंवा अकार्यक्षमतेमुळे काढले तो सरकारी व्याख्येप्रमाणे माजी सैनिक होत नाही. 'कुणी सांगितले नाही' हेही आम्ही पुढे मान्य केले. साताऱ्याकडे मिलिटरी अपशिंगे या नावाने प्रसिद्ध असलेले गाव आहे. तिथे सैन्य हा घराघरांतील विषय. कोणत्या नियमाने काय मिळते हे तेथील पारावरचा म्हातारा सुभेदार तोंडपाठ सांगेल. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात होता; आमच्या बाजूच्या खेड्यांत सैन्यातून परतलेला मनुष्य एखाददुसरा, आणि पारावर त्याच्याशी बोलावयाचे ते हिमालयातील थंडीविषयी.

त्याचे प्रकरण काय होते ते वाचकांस सांगितले पाहिजे. शिपायाच्या शिक्षापत्रकात दोन शायांनी नोंदी होतात. हलक्या शिक्षेची नोंद काळ्या शाईने, जड शिक्षेची लाल शाईने. लाल नोंदी चार झाल्या की १९५४ च्या सैन्य नियमांतील तेराव्या नियमाखाली शिपायास नकोसा ठरवून काढता येते. कित्येक पलटणींतून याचा अर्थ 'काढलेच पाहिजे' असा होऊन बसला. वास्तविक सेना मुख्यालयाने डिसेंबर १९८८ मध्येच लिहून ठेवले होते की, अशा शिपायाची आधी निःपक्षपाती चौकशी करावी, त्याचे म्हणणे ऐकावे, त्याची एकूण नोकरी किती झाली व त्याने किती खडतर जागी दिवस काढले हेही पाहावे. वीरेंद्रकुमार दुबे नावाच्या शिपायाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे सारे बंधनकारक ठरविले. चार नोंदी मोजल्या म्हणजे निर्णय झाला असे नाही, असे म्हणून न्यायालयाने निवृत्तिवेतनाची मुदत भरेपर्यंत तो नोकरीत होता असे मानावयास लावले. मधल्या काळाचा पगार मात्र दिला नाही.

रंगाचा हा महिमा आमच्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत दोन्ही महायुद्धांच्या काळात कित्येक शिपायांस निळ्या कागदावर मुक्तता मिळे. ती धड सन्मानाची नव्हे, धड अपमानाची नव्हे. पण नोकरी देणारा तो रंग पाहिला की मान फिरवी. काळ्या वर्णाच्या शिपायांच्या वाट्यास हा कागद त्यांच्या संख्येच्या मानाने फारच अधिक आला. १९४७ मध्ये तो रंग बंद झाला. शेरा बदलून मागण्यासाठी तेथे १९४४ च्या कायद्याने मंडळे नेमली आहेत, आणि अर्जास पंधरा वर्षांची मुदत आहे. आमच्या न्यायाधिकरणाकडे जावयाची मुदत साधारणपणे सहा महिन्यांची. उशिराचे सबळ कारण पटले तर क्षमा.

आमच्या मित्राच्या चार नोंदी अशा. पहिली १९९० ची : बहिणीच्या लग्नासाठी घेतलेल्या रजेवर नऊ दिवस अधिक. दुसरी १९९३ ची : रजा संपल्यावर एकेचाळीस दिवस गैरहजर. तिसरी १९९६ ची : मद्यप्राशन. चौथी १९९८ ची : पुन्हा रजेवर चौदा दिवस अधिक.

दुसऱ्या नोंदीचे साल वाचल्यावर लातूरकडच्या माणसास निराळे काही सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजावयास चार मिनिटे असता, किल्लारीची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. मातीत बसविलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी आमच्याकडील घरे. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून त्यांचे कौतुक करीतच आम्ही लहानाचे मोठे झालो. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा दोन जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे त्या भिंतींखाली गेली.

त्याची आई व धाकटा भाऊ त्यांत होते. तार पोहोचली, तीस दिवसांची रजा मिळाली. तो गावी आला तेव्हा सैन्याचेच जवान ढिगारे उपशीत होते. सदरा काढून तो त्यांच्यात मिसळला. रजा संपली तेव्हा म्हातारा बाप पत्र्याच्या शेडमध्ये एकटा होता.

"बाप रातच्याला उठून ढिगाऱ्यावर जायचा," तो म्हणाला. "हातानं उकरायचा. आई घावली हुती, भाऊ घावला हुता, अग्नी देऊन झालता. तरी उकरायचा. काय हुडकतूस म्हणलं तर बोलायचा न्हाई."

ज्या रात्री बाप प्रथमच सकाळपर्यंत निजला, त्या सकाळी मुलगा पलटणीकडे निघाला.

"साहेबाने कारण विचारले नाही काय?" आम्ही विचारले.

"इचारलं की. साहेब चांगला हुता. म्याच बोललो न्हाई. घर पडल्याची रजा तर त्यानं दिलीच हुती. बाप उकरतो, हे कसं सांगावं?"

सात दिवसांची सक्त कैद झाली, आणि लाल नोंद.

आमच्या अंगात त्या रात्री इंग्रजीचा प्राध्यापक संचारला. पुतण्याचा मसुदा बाजूस ठेवून आम्ही पाच पाने लिहिली. आमच्या मते ती चांगली उतरली होती. भूकंप मध्यभागी ठेवला, आणि त्याच्या भोवती चारही नोंदी अशा बसविल्या की वाचणारास एकाच आघाताची ती चार रूपे वाटावीत. १९९० ची नोंद भूकंपाच्या आधीची, म्हणून ती एका गौणवाक्यात सारली. १९९६ चे मद्य हे अर्थातच शोकाचे मद्य. आठ दिवसांनी तो आला तेव्हा एकेक वाक्याचा अर्थ सांगत आम्ही ते त्यास वाचून दाखविले. वाचता वाचता आमचाच कंठ दाटला, हेही कबूल करतो.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे खरं न्हाई."

"कोणते?"

"दारूचं. ती भूकंपाची न्हवं. पलटणीत फुटबॉलचा सामना जिंकलो हुतो. खुशीत पिलो आन् तसाच हजेरीला हुबा राह्यलो."

आम्ही त्यास समजावू लागलो. अर्ज म्हणजे शपथेवरची आत्मकथा नव्हे. ज्याची बाजू त्याने चांगली करून मांडावी. ती चांगली वठली नाही तर विलंबाची क्षमाही मिळणार नाही. तो खाली पाहत राहिला. मग इतक्या भेटींत प्रथमच 'सर' सोडून बोलला.

"तू हुशार हायस. तुला लिव्हता येतं. पण त्या दारूत माझ्या आईला कशाला आणतूस?"

आम्ही पाने आवरून घेतली. त्या रात्री आम्हांस आमचीच एक रजा आठवली. १९९३ साली आम्ही एका महाविद्यालयात नवेच लागलो होतो. आमच्या गावी भिंती चिरल्या, माणसे वाचली. आम्हीही गावी धावलो, आणि मंजूर रजेवर बारा दिवस अधिक राहिलो. त्यांतील निम्मे दिवस तरी काही करण्यासारखे उरले नव्हते, नुसते परतावेसे वाटत नव्हते. परतल्यावर कचेरीतील एका सज्जनाने एक डॉक्टर सुचविला. त्याने आम्हांस विषमज्वर झाल्याचे प्रमाणपत्र दिले, आणि बारा दिवस वैद्यकीय रजेत जमा झाले. शाई निळी होती. ती नोंद पुढे कोणी उघडून पाहिली नाही, आणि आम्हीही या क्षणापर्यंत ती कोणास सांगितली नव्हती.

दुसरा मसुदा दीड पानाचा झाला. चार नोंदी, चार तारखा, चार कारणे. मद्यापुढे 'सामना जिंकल्याच्या आनंदात' असेच लिहिले. नोटीस मिळाल्यावर कंपनीच्या कारकुनाने हिंदीत लिहून दिलेले अर्ध्या पानाचे उत्तर जोडले. त्यात चूक झाली, एक संधी द्यावी, याहून अधिक काही नाही. १९८८ च्या पत्रात सांगितलेली चौकशी झाल्याचा एकही कागद त्याजपाशी नाही, एवढे स्वच्छ शब्दांत मांडले. विलंबाच्या कारणापुढे आम्ही थोडे अडलो, पण त्याने सांगितले तेच घातले : 'माहीत नव्हते'.

वकिलाचे उत्तर आले की मजकूर फार त्रोटक आहे, आणि मद्याचे कारण न लिहिता नुसती नोंद सांगितली तरी चालेल. ते राहू द्या, असे त्याने आमच्याकडूनच कळविले. अर्ज श्रावणात दाखल झाला आहे. विलंबाची क्षमा मिळते की नाही याची सुनावणी आधी व्हावयाची. तारखेस तो लातूरहून रात्रीच्या मुंबई गाडीने जाईल.

दाखल झाल्याचे सांगण्यास तो आला तेव्हा पुस्तकही बरोबर होते. त्याने ते पान काढले. इतकी वर्षे इंग्रजी शिकवूनही त्या वाक्याकडे आम्ही नीट पाहिले नव्हते. त्यात कर्ता नाही. कोणास आवश्यकता नाही, हे त्यात कोठेच म्हटलेले नाही.

"हे खोडलं तर तिथं काय लिव्हतील?" त्याने विचारले.

आम्ही म्हटले, निकाल अनुकूल झाला तर बहुधा सेवेची मुदत पूर्ण झाली, अशा अर्थाचे काही. त्यास ते इंग्रजीत कसे म्हणतात ते हवे होते. आम्ही सांगितले. त्याने दोनदा हळू म्हणून पाहिले, जमले नाही; तेव्हा देवनागरीत लिहून मागितले. आमच्या मेजावर त्या वेळी उत्तरपत्रिका तपासण्याचीच लेखणी होती. ती ठेवून आम्ही आत जाऊन दुसरी आणली, चिठ्ठीवर ते शब्द लिहिले, आणि त्याने ती चिठ्ठी त्या पानात घालून पुस्तक पुन्हा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळले.