नाच्यांचे संगीत

अभिरुचीविषयी लिहिताना आपण सहसा आपल्या थोर आवडींविषयीच लिहितो. कुमार गंधर्व आवडतात हे सांगताना कोणाचा आवाज खाली जात नाही, आणि मर्ढेकर आवडतात असे म्हणणाऱ्याला पुढे पुरावा द्यावा लागत नाही. साहित्य शिकलेल्या-शिकवणाऱ्या माणसाची परीक्षा होते ती वेगळ्याच आवडींत, ज्यांच्या समर्थनासाठी त्याच्यापाशी तयार परिभाषा नसते. आमची अशी एक आवड आहे आणि साडेतीन दशके उलटली तरी ती ओसरलेली नाही. ती म्हणजे १९८०च्या दशकातील ग्लॅम मेटल: मॉटली क्रू, पॉयझन, सिंड्रेला, डेफ लेपर्ड, रॅट, युरोप आणि त्यांची सारी गोतावळ. ओठांना लाली, डोळ्यांत काजळ, अंगाला चिकटलेल्या विजारी आणि फवारे मारून उभे केलेले केस अशा थाटात गिटार वाजवणारे हे पुरुष. पुढे त्यांना 'हेअर मेटल' असे नाव पडले ते हिणवण्यासाठीच.

या लेखातले 'आम्ही' हे निबंधकाराच्या सवयीचे बहुवचन नव्हे. आम्ही खरोखरच चार जण होतो. यावलचे, आणि भुसावळला कॉलेजात जाणारे. यावल म्हणजे जळगाव जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे तालुक्याचे गाव. जुन्या किल्ल्याची तटबंदी, सभोवार केळीच्या बागा, आणि तापी ओलांडून भुसावळला नेणारी एस.टी. हे संगीत आमच्यापर्यंत आले ते रेल्वेच्या कृपेने. जंक्शनमुळे भुसावळात अँग्लो-इंडियन कुटुंबे होती. त्यांतल्या एका घरी मुंबईहून आलेल्या कॅसेटींवरून आम्ही कोऱ्या कॅसेटी भरून घेत असू. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत दोन बाजूंना दोन अल्बम बसत. उरलेल्या जागेत कोणाचेतरी अर्धे गाणे येई आणि भर कडव्यात तुटे. त्यातली काही गाणी आमच्या मनात अजूनही तिथेच तुटतात. मळ्यातल्या खोलीत वीज नसे तेव्हा टेपरेकॉर्डर सेलवर चाले. सेल उतरले की गायकाचा आवाज जड होत होत जाई, आणि आम्ही तो उन्हात ठेवलेल्या सेलांनी पुन्हा वर आणत असू.

या संगीताची वंशावळ थोडक्यात सांगायला हवी. १९७०च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये टी. रेक्स, डेव्हिड बोवी, स्लेड यांनी आणि अमेरिकेत न्यूयॉर्क डॉल्सने पुरुषी रॉकला शृंगाराचा साज चढवला. १९७८मध्ये एडी व्हॅन हेलनने दोन्ही हातांची बोटे तारांवर आपटत वाजवण्याच्या तंत्राने गिटारवादनाची भाषाच बदलली. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरील क्लबांत या दोन धारा एकत्र आल्या. मॉटली क्रू १९८१मध्ये स्थापन झाले. १९८३च्या नोव्हेंबरात क्वायट रायटचा 'मेटल हेल्थ' अमेरिकी विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हेवी मेटलच्या अल्बमला हा मान पहिल्यांदाच मिळत होता, आणि त्याला वर नेणारे गाणे मुळात स्लेडचे, १९७३चे होते. पुढे १९८६मध्ये पॉयझन व सिंड्रेला यांचे पहिले अल्बम, बॉन जोव्हीचा 'स्लिपरी व्हेन वेट' आणि स्वीडनच्या युरोपचा 'द फायनल काउंटडाउन' एकाच वर्षात आले. एम.टीव्ही. ही वाहिनी १९८१पासून सुरू होती. गाणे ऐकण्याइतकेच पाहण्याची वस्तू झाल्याचा लाभ या मंडळींइतका क्वचितच कोणी उठवला असेल.

आम्ही मात्र ते पाहिले नव्हते. हा मुद्दा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ज्या संगीतावर 'नुसता देखावा' असा आरोप होतो, ते आमच्याकडे देखाव्याविना आले, फक्त आवाज म्हणून. शब्दही धड कळत नसत. आमचे इंग्रजी पाठ्यपुस्तकातले, आणि हे गायक तर शब्द चावून, ताणून, किंचाळून गात. अर्थाच्या आधी नाद यावा, ही गोष्ट आम्हांला पुढे काव्यशास्त्राच्या तासाला सिद्धान्त म्हणून भेटली. तिचा अनुभव आम्ही मळ्यातच घेतला होता. एक ठसठशीत गिटारचा तुकडा, त्याची चार वेळा आवृत्ती, मग ढोल, मग गायकाची आरोळी, आणि अखेर सगळ्यांनी मिळून म्हणायचे ध्रुपद. ही रचना आम्हांला परकी वाटली नाही. कारण भजनी मंडळात ध्रुपद उचलणे म्हणजे काय असते, हे आम्ही लहानपणापासून जाणत होतो. एकाने कडवे म्हणायचे आणि ध्रुपदावर सगळ्यांनी मालकी सांगायची. सामुदायिक गाण्याचे हे तत्त्व सनसेट स्ट्रिपवर आणि एकादशीच्या रात्री एकच आहे.

कारागिरीचा प्रश्न निघालाच तर डेफ लेपर्डचा 'हिस्टेरिया' (१९८७) घ्यावा. शेफिल्डच्या या इंग्रज बँडचा ढोलवादक रिक ॲलन याचा डावा हात ३१ डिसेंबर १९८४ रोजी मोटार अपघातात गेला. सहकाऱ्यांनी त्याच्या जागी दुसरा घेतला नाही. डाव्या हाताचे काम पायांवर सोपवता येईल असा इलेक्ट्रॉनिक संच त्याने तयार करवून घेतला, वादन नव्याने शिकला, आणि १९८६च्या ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या महोत्सवात पुन्हा उभा राहिला. निर्माता मट लँग याने त्या अल्बमात आवाजांचे थरावर थर चढवले; एका ध्रुपदात जणू आख्खा जमाव गातो आहे असे वाटते, आणि गाणारे मोजके पाच-सहा. इतकी मेहनत ज्यामागे आहे त्याला उथळ म्हणता येईल. बेफिकीर म्हणता येणार नाही.

आता केसांविषयी. आमच्यातल्या एकाने केस वाढवले. अल्बमच्या मुखपृष्ठाची एक झेरॉक्स त्याच्या हाती आली होती. काळ्या-पांढऱ्या, डागाळलेल्या त्या कागदावर पॉयझनची चार माणसे बायकांसारखी नटलेली दिसत होती. तोपर्यंत ज्यांचा केवळ आवाज ऐकला, ते असे दिसतात हे पाहून आम्ही तिघे हसलो. तो हसला नाही. सहा महिन्यांत त्याचे केस खांद्यावर आले. एस.टी. स्टँडवर त्याला विचारीत, "काय भो, तमाशात चालला का?" घरी त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणत असू, एवढेच म्हणाले, "आपल्या घरात नाच्या नाही झाला आजपर्यंत." खान्देशात तमाशाची परंपरा मोठी, फडावर नाच्याला दाद मिळते, पण घरात तो शब्द शिवी होतो. मंचावरच्या पुरुषाने नटावे आणि खालच्या पुरुषाने हसावे असा हा जुना करार आहे. आमच्या मित्राने तो मोडला, आणि दीड वर्ष मोडतच राहिला. लग्न ठरले तेव्हा न्हाव्याला घरी बोलावले गेले. त्याने कोणाशी वाद घातला नाही. आज तो केळीचा उत्तम बागायतदार आहे, आणि त्याच्या ट्रॅक्टरवर अहिराणी गाण्यांच्या मधूनच सिंड्रेला लागते.

हा प्रसंग आम्हांला मराठी रंगभूमीकडे घेऊन जातो. काजळ-लाली लावलेल्या पुरुषाकडे पाहून डोळे विस्फारण्याचा अधिकार मराठी माणसाला खरे तर नाही. बालगंधर्वांची भामिनी १९११ची, रुक्मिणी १९१६ची. त्यांच्या नेसण्याची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठीच्या होळीत आजही आदिवासी पुरुष मोरपिसांचे टोप घालून, अंगावर नक्षी काढून, कमरेला घुंगरे व भोपळे बांधून रात्रभर नाचतात. पुरुषाने नटणे ही आपल्याकडे परदेशी आयात नव्हे. ते अशोभनीय ठरले ते एका विशिष्ट मध्यमवर्गीय सभ्यतेच्या नजरेत, आणि ती सभ्यता मात्र बऱ्याच अंशी व्हिक्टोरियन इंग्लंडहून आलेली आहे.

इथे देशीवादाचा प्रश्न टाळता येत नाही. आम्ही यावल तालुक्यातले असल्याने तर मुळीच नाही. भालचंद्र नेमाडे याच तालुक्यातल्या सांगवीचे. 'कोसला' (१९६३) मधला पांडुरंग सांगवीकर पुण्याहून परततो तो याच मातीत, आणि 'टीकास्वयंवर' (१९९०) आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकासारखे वाचले. आमचे एक प्राध्यापक कुत्सितपणे नव्हे, खऱ्या काळजीने विचारीत, की नेमाड्यांच्या तालुक्यातल्या मुलांनी कॅलिफोर्नियातल्या क्लबांची गाणी ऐकावीत हा मानसिक वसाहतवाद नव्हे काय? प्रश्न रास्त होता आणि आहे. पण देशीयतेची कसोटी वस्तू कुठून आली ही नसून ती इथे येऊन कशात मुरली ही असावी, असे आमचे वाचन आहे. मिरची, तंबाखू, हार्मोनियम यांचे मूळ कोणी विचारत नाही. भजनात पेटी मुरली तशी आमच्या मळ्यात गिटार मुरली का? याचे प्रामाणिक उत्तर 'अर्धीमुर्धी' असे आहे. आमच्या कानांत ती मुरली. आमच्या भाषेत नाही.

मुंबईत हेच दिसते. १९८४मध्ये तिथे रॉक मशीन हा बँड उभा राहिला. महेश तिनईकरांची गिटार आणि उदय बेनेगलांचा आवाज असलेल्या या बँडचा 'रॉक अँड रोल रेनिगेड' १९८८मध्ये आला. त्यावर त्या काळच्या अमेरिकी हार्ड रॉकची छाप स्पष्ट आहे. १९८६पासून सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाने धोबीतलावच्या रंगभवनात तरुणांची पिढी घडवली. पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले ते आवाज थांबले. रॉक मशीनने १९९३मध्ये 'इंडस क्रीड' असे नाव घेतले आणि वाद्यमेळात भारतीय रंग आणले. नावातल्या यंत्राची जागा नदीने घ्यावी, यात देशीवादाच्या अभ्यासकाला पुष्कळ सामग्री आहे. पण गाणी इंग्रजीतच राहिली. मराठीत ग्लॅम मेटल झालेच नाही. आमच्या मते याचे कारण स्वरांत नसून वर्गात आहे. ज्यांच्या घरी इलेक्ट्रिक गिटार परवडत होती ते मराठीत गात नव्हते, आणि जे मराठीत गात होते त्यांच्यापाशी होते ते टेपरेकॉर्डर आणि उन्हात वाळवलेले सेल.

स्टार टी.व्ही.वरून एम.टीव्ही. भारतात आले १९९१मध्ये. आमच्या गल्लीत केबल आली आणखी दोन वर्षांनी. म्हणजे आमच्या बँडांना आम्ही हलताना पाहिले तेव्हा त्यांचा जमाना संपला होता. सप्टेंबर १९९१मध्ये निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला आणि जानेवारी १९९२मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्या काळाची जी कथा सांगितली जाते ती साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटावी: खोट्याचा पराभव झाला, खऱ्याचा विजय झाला, नटवेपणा गेला, अनुभवाची अस्सलता आली. आपल्याकडे साठोत्तरी साहित्याची गोष्ट आपण अशीच सांगतो.

आम्हांला निर्वाणाही आवडते. परंतु ही कथा आम्हांला पटत नाही. 'एकच प्याला'त (१९१९) बालगंधर्व सिंधू म्हणून ठिगळ लावलेल्या लुगड्यात उभे राहिले. रुक्मिणीचा शालू वेशभूषा होता तसे ते ठिगळही वेशभूषाच होते. सिएटलच्या गायकांचे विटके चौकड्यांचे शर्टही तसेच, आणि वर्षभरात ते फॅशनच्या दुकानांत लटकलेही. कलेत अस्सलता ही देखील एक शैली असते. फरक इतकाच, की ग्लॅम मेटल आपण नटलो आहोत हे लपवत नाही. साहित्यसमीक्षेने 'प्रामाणिक' हा शब्द पदकासारखा वाटण्यापूर्वी कृत्रिमतेच्या या प्रामाणिकपणाचाही विचार करावा.

या संगीतात एक डाग आहे आणि तो पुसण्याचा आमचा विचार नाही. स्त्रियांचे रूप अंगावर घेणारी ही माणसे गाण्यांत आणि चित्रफितींत स्त्रियांना शोभेच्या वस्तूंहून अधिक काही क्वचितच समजली. लिटा फोर्ड आणि व्हिक्सनसारखे अपवाद होते, पण ते अपवादच. शृंगार उसना घेतला, ज्यांचा होता त्यांना मंच दिला नाही. आपल्या संगीत नाटकावरही, स्त्रियांना रंगभूमी बंद असतानाच्या स्त्रीपार्टीवरही, हाच आक्षेप घेता येतो. दोन्हीकडे मोहिनी खरी आहे आणि अन्यायही खरा आहे. आवड ही एकाने दुसरे खोडून टाकत नाही. प्रौढ आवड ही दोन्ही एकदम ऐकू शकते, एवढेच.

आमच्या वर्गांत आज जी मुले बसतात त्यांच्या कानांतही काहीतरी वाजत असते. कोरियन बँडातले नटलेले तरुण असतील, डीजेवरचे अहिराणी गाणे असेल. निबंधात 'आवडता कलावंत' लिहायला सांगितले की ती मुले कोणीतरी थोर, सुरक्षित नाव लिहितात. कारण वर्गात कोणते नाव चालते हे त्यांना पक्के ठाऊक असते. त्यांनी कानातले नाव कागदावर लिहावे, आणि त्याचे समर्थन करताना स्वतःची परिभाषा स्वतः घडवावी, असे आम्हांला मनापासून वाटते. समीक्षेचा पहिला धडा तिथे मिळतो. आमच्या मित्राने तो सहा इंच केसांवर गिरवला; आम्हांला लिहिण्यापुरतेच धैर्य होते.