आंबेमोहोराचा भात

नव्या ठिकाणीं बिऱ्हाड मांडलें म्हणजे सामान लावून होण्यास चार दिवस पुरतात. घर लागण्यास मात्र पाहुणे यावे लागतात. आम्ही अमरावतीहून येथें आलों त्यास आतां चार वर्षें झालीं. नातलग आम्हांस पुणेकर समजतात. परंतु हिंजवडी, माण, मारुंजी हीं गांवें मुळशी तालुक्यांतलीं. आमच्या बाराव्या मजल्यावरून एका अंगास काचेच्या कचेऱ्या दिसतात आणि दुसऱ्या अंगास उरलींसुरलीं भातखाचरें. आरंभीं दोहोंकडे आम्ही सारख्याच परकेपणानें पाहत असूं.

पाहुणे म्हणजे ह्यांचे कॉलेजांतले स्नेही व त्यांचीं कुटुंबें. ते आले कीं माझा बेत ठरलेला: पाटवडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, गोळाभात. तांदूळसुद्धां गांवाकडून आणलेला चिनोर. आपल्या माणसांना आपलें अन्न घालावें हा त्यांतला भाव खराच. पण चिनोरचा डबा भरलेला आहे तोंवर आपण कायमचे येथले झालों नाहीं, अशी स्वतःची समजूतही मी त्यांतून घालीत होतें. एकदां मुंबईहून आलेले स्नेही हंसत म्हणाले, "वहिनी, एवढा घाट चढून आम्ही पुन्हा अमरावतीसच जेवायला आलों कीं!" सगळे हंसले. मला तें लागलें.

पौडच्या पलीकडच्या एका गांवाहून एक मावशी आमच्याकडे भाजी घेऊन येतात. त्यांच्यापाशीं मीं तांदळाची चौकशी केली.

"आंबेमोहोर पायजे का इंद्रायणी?"

हा भेद मला ठाऊक नव्हता. इंद्रायणी ही आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरांतून वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत निघालेली, १९८७ सालची जात. खुद्द आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्यापावसांत आडवा होतो आणि उतारा थोडा देतो. म्हणून त्याची लावणी कमी, आणि बाजारांत त्याच्या नांवावर भलताच तांदूळ खपतो. मावशी तो लावतात, पण पाहुण्यांपुरता. त्या म्हणाल्या, "माज्या सासूच्या येळंला घरात नाचणी नायतर वरई. भात पिकायचा त्यो इकायला, आन् पावण्याला."

पुढच्या रविवारीं सहा पाहुणे होते. आंबेमोहोराचा सुवास असा कांहीं सुटला कीं, पानें मांडण्याआधींच सारे स्वयंपाकघराच्या दारांत जमले. पण मी पडलें वऱ्हाडी. पाण्याचें माप हाताला बसलेलें, आणि बेत गोळाभाताचाच! झांकण काढतें तों शितें एकमेकांस बिलगलेलीं आणि बेसनाचे गोळे त्या चिखलांत रुतलेले. अखेर गोळे बाजूस काढून वाढले, भातावर साधें वरण आणि तूप घातलें. तोच भात मागून मागून खाल्ला गेला.

हा तांदूळ कोठचा, असें कोणीं विचारलें तेव्हां मीं मावशींकडून ऐकलेलें सांगितलें. त्यांच्या आजेसासऱ्यांचीं खाचरें मुळा-नीलेच्या खोऱ्यांत होतीं; तीं धरणाखालीं गेलीं आणि घर डोंगराच्या अंगास सरकलें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं ह्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला; सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी. तीन वर्षें लोकांनीं मार खाल्ला, तुरुंग भोगले. टाटांचें धरण झालेंच. तें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस भिऱ्याला उतरतें आणि त्यावरची वीज मुंबईस जाते. सेनापतींचें नांव आम्हीं सर्वांनीं शाळेंत पाठ केलें होतें; त्या धड्यांत भाताचा उल्लेख मला आठवत नाहीं.

"म्हणजे आमच्या घरचा दिवा..." मुंबईकर म्हणाले, आणि वाक्य तसेंच सोडून वरण कालवूं लागले.

गेल्या दिवाळीनंतर ते पुन्हा आले, तेव्हां मीं मावशींना मुद्दाम जेवायला बोलावलें. त्या दारांतच घोटाळल्या. "पावनी तुमची, तांदूळ आमचा, मी कुटं बसू?" बरीच मनधरणी केल्यावर बसल्या. पहिला घांस घेतला आणि क्षणभर थांबल्या.

"पानी लई झालं, ताई."

सगळे मोकळेपणीं हंसले. मग त्यांनीं सभोंवार पानें न्याहाळलीं, आपला हात धुतला, आणि मी उठण्यापूर्वींच भाताचें पातेलें स्वतःकडे ओढलें. मुंबईकरांचें पान रिकामें होतें.

"तुमी मुंबईचं न्हवं?" डाव भरीत त्या म्हणाल्या. "घ्या, लाजू नका. आजून घ्या."