पालक बंद नको, बेताचा हवा

तुमचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी इकडे येणार असतील आणि त्यांच्या गोळ्यांत वॉरफरिन असेल, तर हे जरूर वाचा.

हृदयाची झडप बदलल्यापासून माझे बाबा ही गोळी घेतात. इथे आले ते पालक कायमचा सोडूनच. कोणीतरी तसं सांगितलं होतं. इथल्या डॉक्टरांनी उलट विचारलं, "आठवड्याला किती खायचात?"

१०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ४८० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट. रक्त गोठायला ते लागतं आणि वॉरफरिन त्याच्याच विरुद्ध काम करतं. म्हणून पालक एकदम वाढला तर गोळी कमी पडते, एकदम बंद केला तर रक्तस्रावाची भीती. प्रमाण सारखं राहिलं, की डॉक्टरांना त्यावर डोस बसवता येतो.

आपल्याकडे हे प्रमाण नकळत बदलतं. डबाभर कोवळा पालक कढईत वाटीभर होतो, स्मूदीत तर दिसतही नाही.

आता डॉक्टरांना विचारून आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी वाटीभर ताकातली पातळ भाजी ठरलेली: हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, थोडं बेसन, वरून लसणाची फोडणी. बाबा वाटी पुसून खातात. तुम्हीही विमानतळावरून घरी आल्यावर गोळ्यांच्या यादीशेजारी पालेभाजीचा हिशेब लिहा, आणि बदल करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.