अहो, थांबा! साबर बोंडं बघितलंत का?

आधीच सांगून टाकते, मला सिनेमातलं काही म्हणजे काही कळत नाही! मी लातूरची, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. लातूर पॅटर्नच्या कारखान्यातलीच मी एक फिरकी. मार्क किती पडले आणि कुठे कापले, एवढंच मला समजतं. त्यामुळे कॅमेरा, प्रकाशयोजना वगैरे काही विचारू नका. पण गेले पंधरा दिवस मला स्वस्थ बसवत नाहीये, आणि शेजारपाजारचे आता मला बघून गेट लावून घेतात, म्हणून तुम्हाला धरलंय. बसा! चहा ठेवते.

तर झालं काय, मी पुण्याला भाचीकडे गेले होते. भाची म्हणाली, ‘मावशी, मराठी सिनेमा आहे, चल.’ मी म्हटलं, कोणता? ती म्हणाली, ‘साबर बोंडं.’ आणि मी खुर्चीवरून उठलेच! साबर बोंडं! अहो, हा शब्द ऐकून मला चाळीस वर्षं झाली असतील! आमच्या आजोळी बांधाला फड्या निवडुंगाची दाट रांग होती आणि त्यावर लालबुंद बोंडं लागायची, ती काठीनं पाडायची, गवतावर घोळसायची, कुसळं गेली असं समजून फोडायची आणि मग आतला तो चांदणीसारखा काटा काढून खायची! जीभ लाल, ओठ लाल, फ्रॉक लाल, आणि घरी गेल्यावर पाठही लाल. त्या बोंडांवर कुणी सिनेमा काढला? मी चप्पल घालून तयार.

थिएटरात आम्ही धरून चौदा माणसं. मोजली मी! सवय आहे.

आणि मग तो सुरू झाला. मुंबईत कॉल सेंटरवर नोकरी करणारा आनंद, त्याचे वडील वारतात, आणि आईबरोबर तो गावी येतो. दहा दिवसांचं सुतक. अनवाणी राहायचं, नियम पाळायचे, आणि आल्यागेल्या प्रत्येक नातेवाइकानं विचारायचं, लग्न कधी? बाप जाऊन चार दिवस नाही झाले आणि लग्न कधी! मला तिथंच हसू आलं आणि लगेच रडूही. आमचे दादा गेले तेव्हा दहावा नांदेडला गोदावरीच्या घाटावर केला होता. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत आम्ही सगळे उभे, माझा धाकटा भाऊ ओल्या धोतरात कुडकुडतोय, आणि मागून एक मामा त्याला हळूच म्हणतात, ‘वर्षाच्या आत उरकून टाका बरं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतंय.’ कावळासुद्धा दचकला असेल!

म्हणजे हे सगळं मला माहीत होतं. सतरंजी, पाण्याचा तांब्या, दारात काढलेल्या चपलांचा ढीग, बायकांचं ते एका सुरातलं रडणं आणि मध्येच ‘साखर संपली का गं’ असं कोरड्या आवाजात विचारणं. हे मी शंभर वेळा बघितलंय. आणि मग त्या माहितीतल्या घरात बाळ्या येतो! आनंदचा लहानपणीचा मित्र. शेतकरी गडी, शेरडं राखणारा, त्याच्याही मागं लग्नाचा लकडा लागलेला. दोघं रानात हिंडतात, झाडाखाली पडून राहतात. बोलतात थोडं. आणि मग हळूहळू, फार हळूहळू, माझ्या डोक्यात ट्यूब पेटते की अरे, हे दोघं नुसते मित्र नाहीत!

भाचीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. नालायक! तिला माहीत होतं!

खरं सांगू का, मी जरा ताठ झाले. आता पुढे काय दाखवतील या भीतीनं पर्स घट्ट धरली. पण काही अंगावर येतच नाही हो! बाळ्या त्याच्यासाठी रानातून बोंडं आणतो. कुसळं काढलेली बोंडं! ज्यानं आयुष्यात एकदा तरी ते कुसळ बोटातून काढलंय ना, त्याला विचारा, दुसऱ्यासाठी बोंडं साफ करून आणणं म्हणजे काय असतं! ते दिसत नाही, नुसतं टोचतं, आणि चार दिवस टोचतच राहतं. त्या एका गोष्टीत मला सगळं कळलं. पर्स खाली ठेवली.

आणि ती आई! जयश्री जगताप नावाच्या बाईंनी केलीय. तिला मुलाचं सगळं ठाऊक आहे. ठाऊक आहे, आणि ती नातेवाइकांना थाप मारते, की पोराचं एका मुलीवर मन होतं, तिनं दुसरीकडे लग्न केलं, म्हणून हा नाही म्हणतोय! खेड्यातली, फारसं न शिकलेली बाई, भाषण नाही, झेंडा नाही, सरळ एक खोटं रचते आणि त्या खोट्याच्या आडोशाला पोराला उभं करते! मी वर्गात कॉपी करणाऱ्याला तीस वर्षं बाहेर काढलं, पण या बाईच्या खोट्याला पैकीच्या पैकी!

सिनेमा संथ आहे, लपवत नाही. कॅमेरा एका जागी ठेवलाय की ठेवलाय, मागं संगीत नाही, नुसते पाखरांचे, भांड्यांचे, वाऱ्याचे आवाज. दोनतीनदा मी घड्याळ बघितलं, आणि पुढच्या रांगेतला एक गृहस्थ तर निवांत घोरत होता. पण मग वाटलं, सुतकातले दिवस असेच तर असतात!

घरी आले आणि झोप उडाली. रात्री दीडपर्यंत फोन घेऊन बसले. हे केलं कुणी? रोहन परशुराम कानवडे! लिहिलंयही त्यानंच. आणि मग जे वाचत गेले ते तुम्हाला सांगते, नीट ऐका. हा मुंबईतल्या झोपडपट्टीतल्या एका खोलीत वाढला. वडील ड्रायव्हर. तेच त्याला सिनेमाला घेऊन जायचे! सिनेमाच्या कुठल्याही शाळेत तो गेला नाही. शिकला काय, तर इंटिरिअर डिझाइन! आणि हे वाचल्यावर मी पुन्हा उठून बसले, कारण मग मला ती स्थिर चौकट कळली! खोलीत माणूस कुठं बसेल, दार कुठं उघडेल, उजेड कुठून येईल, हे ज्याला फूटपट्टीनं माहीत आहे तो कॅमेरा हलवेल कशाला? (हे माझं मत हं. जाणकार हसतील. हसू द्या!)

तो स्वतः समलिंगी आहे. आईवडिलांना त्यानं सांगितलं आणि त्यांनी त्याला आहे तसा स्वीकारला. 2016 साली वडील गेले, तो सुतकासाठी गावी गेला आणि नातेवाइकांनी तेच सुरू केलं, लग्न कधी? त्या दहा दिवसांत त्याला वाटलं, इथं आपला एखादा मित्र असता तर! बस, एवढ्यावरून हा सिनेमा! 2016 ला सुचलेला आणि जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत सनडान्स महोत्सवात पहिल्यांदा दाखवलेला. मी आकडेमोड केली. दहा दिवसांची गोष्ट सांगायला नऊ वर्षं! आणि चित्रीकरण कुठं? संगमनेरकडच्या खर्शिंदे गावात, त्याच्या आईच्या गावी!

आणि सनडान्समध्ये काय झालं माहितीय? तिथं गेलेला हा पहिला मराठी सिनेमा, आणि गेला तो गेला, परदेशी कथापटांच्या विभागातलं सगळ्यात मोठं ज्युरी पारितोषिक घेऊन आला! बर्फात! आपली बोंडं! तिकडे नाव ठेवलं ‘कॅक्टस पेअर्स’. हे म्हणजे पुरणपोळीला गोड चपाती म्हटल्यासारखं, पण चालतंय. तसं बघितलं तर हा निवडुंग मूळचा तिकडचाच, मेक्सिकोच्या तर झेंड्यावर आहे! आपण त्याला बांधावर ठेवून आपला करून टाकला.

आणि हे एकदम झालेलं नाही बरं का! त्याआधी किती वर्षं तो लहान लहान फिल्म करत होता, ज्या तुम्ही-आम्ही कुणी बघितल्या नाहीत, ‘सुंदर’, ‘खिडकी’, 2019 ची ‘उ उषाचा’. ही शेवटची तर ऐका! शेतमजुरी करणारी, अक्षरओळख नसलेली एकटी आई, आणि तिला प्राथमिक शाळेतल्या बाईंबद्दल ओढ वाटायला लागते! शाळेतल्या बाईंबद्दल! मी तीस वर्षं शाळेत होते हो. फाटकाशी पोराला सोडायला आलेल्या किती बायका उगाच रेंगाळायच्या, मी त्यांना ‘फी भरली का’ एवढंच विचारलं.

आणि मग मला वाटलं, ही वाट याच्याआधी कुणी तुडवली असेल? आणि तिथं मी दुसऱ्यांदा पडले! रियाद वाडिया! 1996 साली मुंबईत या माणसानं बारा मिनिटांची एक फिल्म केली, नाव ‘बॉमगे’. बॉम्बेतलं एक अक्षर फिरवलं आणि काम झालं! तेव्हा कलम 377 डोक्यावर होतं, म्हणजे समलिंगी संबंध हा सरळ गुन्हाच, आणि तो गुन्हा कायमचा पुसायला सप्टेंबर 2018 उजाडला. त्यामुळे ही काही आपल्या टॉकीजला पोस्टर लावून आलेली फिल्म नव्हे! महोत्सवांतून, ओळखीओळखीतून फिरलेली. त्यात राहुल बोस आहे! आणि ती बेतलीय आर. राज राव यांच्या कवितांवर, आणि हे राव कोण, तर पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक! म्हणजे आमच्या लातूरची अर्धी पोरं ज्या पुण्यात शिकायला जातात तिथं हे गृहस्थ वर्गात शिकवत होते आणि आम्हाला पत्ता नाही!

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. वाडिया म्हणजे कोण? वाडिया मूव्हीटोन! 1935 चा ‘हंटरवाली’! हातात चाबूक, अंगावर चामडी चड्डी, गुंडांना उचलून आपटणारी फिअरलेस नादिया ही या रियादची चुलत आजी! तिच्यावर त्यानं 1993 मध्ये माहितीपटही केला. आमचे आजोबा म्हणे नादियाच्या सिनेमासाठी बैलगाडीतून जायचे. आणि त्या वाडियांचा परळचा स्टुडिओ पुढे कुणी घेतला? व्ही. शांतारामांनी! तेच ते राजकमल! अहो, सगळी आपलीच माणसं निघायला लागली!

रियाद 2003 मध्ये गेला. जेमतेम छत्तीस वर्षांचा. त्याच साली रावांची ‘द बॉयफ्रेंड’ कादंबरी आली. हे वाचलं तेव्हा मात्र मी फोन खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. आता मुंबईच्या ‘कशिश’ महोत्सवात नवोदित दिग्दर्शकाला त्याच्या नावानं पुरस्कार देतात.

आणि माझी फजिती ऐका. दुसऱ्या दिवशी पुस्तकांचं कपाट आवरायला घेतलं तर हाताला काय लागावं? सचिन कुंडलकरांचं ‘कोबाल्ट ब्लू’! 2006 ची कादंबरी. कुण्या मैत्रिणीनं वाढदिवसाला दिलेली. नाव बघून मला वाटलं होतं रंगकामाचं पुस्तक असेल, म्हणून चित्रकलेच्या वह्यांत ठेवलं! उघडलं तर पुण्यातल्या एका घरात भाऊ आणि बहीण दोघंही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात! इतकी वर्षं माझ्या घरात! मी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत होते!

मग मी सुटलेच. गंजगोलाईत भाजी घेताना भाजीवालीला सांगितलं. ती म्हणाली, ‘बोंडं इकत्यात व्हय कुठं? माय, तुमी शिकलेल्या बायका येड्यागत करायल्यात!’ नांदेडला बहिणीला फोन केला, ती म्हणाली, ‘अगं, कामून एवढी नाचायलीस? दोन गडी हिंडले रानात, त्यात काय सिनेमा?’ मी म्हटलं, ताई, तेच तर! त्यात काय? हेच तर तो दाखवतोय! ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘आपले ते अप्पाकाका, त्यांनी लग्न नाही केलं कधी.’ आणि फोनवर आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही. मग तिनं भाव विचारला तुरीचा.

आमच्या ह्यांचं सांगायचं राहिलं. ह्यांना मी गोष्ट सांगायला लागले की हे पेपर वर करतात. परवा नांदेडला निघालो होतो, अहमदपूरच्या पुढे रस्त्याकडेला मला फड्या निवडुंग दिसला. गाडी थांबवा! मी ओरडले. हे घाबरले, वाटलं कुणी आडवं आलं. मी उतरले, साडी खोचली, आणि गेले! बोंडं अजून हिरवीच होती, पण एक जरा लालसर वाटलं म्हणून हात घातला. आणि मग काय! चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं ज्ञान एका क्षणात परत आलं! पाची बोटांत कुसळं!

रात्री बहिणीच्या ओट्यावर बसलो. ह्यांनी नाकावर चष्मा चढवला, एका हातात मोबाईलचा टॉर्च, दुसऱ्या हातात चिमटा, आणि माझं बोट उजेडात धरून एकेक कुसळ शोधायला लागले. हलू नको म्हणाले. मी हलले नाही. चार निघाली, पाचवं सापडेना. मी पण गप्पच होते, एकदाची. तेवढ्यात हे मान खाली घालूनच म्हणाले,

‘मग, तो बाळ्या मुंबईला जातो का त्याच्याबरोबर?’