सपाट नाकाचा ट्रेलर

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात यंदा तिळगुळाबरोबर मला एकच प्रश्न मिळाला. "काय हो, तुमच्या दारात तो पांढरा डबा कसला उभा असतो? सामान हलवायचा धंदा काढलात की काय?" प्रत्येकाला सांगून दमलो, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

तो डबा म्हणजे कार्गो ट्रेलर. इथले सुतार, लॉन कापणारे गाडीमागे ओढतात ना, तसा. तयार कॅम्परच्या किमती ऐकून आमच्या सौ.नी कपाळाला हात लावला होता. असा रिकामा ट्रेलर घेऊन आतलं घर स्वतः बांधणारे हौशी लोक या देशात पुष्कळ आहेत. मी मेकॅनिकल इंजिनियर, त्यात इथली मास्टर्स. म्हटलं, आपल्याला काय अवघड आहे?

अवघड निघालं ते पहिलंच पाऊल. ट्रेलरचा आकार कोणता घ्यायचा? पुढचं नाक सपाट की होडीसारखं निमुळतं, म्हणजे 'व्ही-नोज'? छत सपाट की कमानीचं? रुंदी ६ फूट, ७ फूट की साडेआठ? २०२४ च्या मार्चमध्ये मी स्प्रेडशीट उघडली आणि महिनाभर त्यातच राहिलो. आमची हायलँडर ५,००० पौंड ओढते. तेव्हा वजन कमी, हवेचा रोध कमी, म्हणून व्ही-नोज. निर्णय झाला.

एप्रिलमध्ये अण्णा आले, माझे वडील. आई गेल्यानंतरची त्यांची ही पहिलीच खेप. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये त्यांनी ३५ वर्षं बस-बॉडी बांधण्याचं काम केलं. इथे मात्र दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. "अण्णा, बरं वाटतंय ना?" "हो, मला काय झालंय?" बोलणं तिथंच संपायचं.

एका संध्याकाळी मी त्यांना सहज स्प्रेडशीट दाखवली. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "हे छत सपाट आहे. पाणी कुठं जाणार?"

मी म्हटलं, सांध्यांना सीलंट असतं. "सीलंट दोन पावसाळे टिकेल. एसटीचं छत कमानीचं का असतं? पाणी थांबता कामा नये. थांबलं की ते वाट शोधतं." मग कमानी किती अंतरावर असाव्यात, पत्रा कुठं फाटतो, रिव्हेट कुठं ढिला होतो, हे सगळं अण्णा तासभर बोलले. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभ्या राहिल्या. इतकं बोलणं आम्ही दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खडू मागितला. गाडी बाहेर काढायला लावली आणि गॅरेजच्या फरशीवर ट्रेलर पूर्ण मापात आखला. "कागदावर सगळं मावतं रे. जमिनीवर आखलं की खोटं बोलता येत नाही."

खरंच होतं ते. ६ फुटी ट्रेलर म्हणजे बाहेरून ६ फूट. भिंती आणि इन्सुलेशन वजा जाता माझ्यासारखा ५ फूट १० इंची माणूस आडवा झोपू शकत नाही. ७ फुटीत झोपतो. साडेआठ फुटीत जागा भरपूर, पण चाकांचे उंचवटे आत येतात आणि आमच्या गाडीला तो झेपलाही नसता. म्हणून ७ फूट ठरलं, दोन ॲक्सलचा.

मग नाक. २ फूट खोल, ७ फूट रुंद नाक चौकोनी असेल तर १४ चौरस फूट जागा. निमुळतं केलं की उरते ७. अण्णांनी त्या त्रिकोणात प्लायवुडचे तुकडे ठेवून पाहिले. "यात चौकोनी काही बसत नाही. ना पेटी, ना शेगडी, ना माणूस."

मी हवेचा मुद्दा काढला. पण माझंच गणित मला सांगत होतं की ट्रेलरचं नाक काही अंशी गाडीच्या आडोशाला असतं आणि ताशी ५५ ऐवजी ६५ मैलांनी गेलं तर रोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. रोधच कमी करायचा तर नाकाआधी पाय आवरायला हवा. तरी मी हट्ट सोडला नव्हता.

तो सुटला वेगळ्याच कारणानं. अण्णांनी फरशीवर अंथरुणं आखली. मागे आमचं दोघांचं, बाजूला चिरंजीवांचं, मग ओटा, पाण्याची टाकी. नाकापाशी लिहिलं 'सामान'.

"अण्णा, तुमचं कुठंय?"

"माझं कशाला? मी काय कायमचा इथं आहे?" खाली बघत ते खडूची रेघ पायाने पुसत राहिले.

मलाही तेव्हाच कळलं की महिनाभर घोटलेल्या माझ्या स्प्रेडशीटमध्येसुद्धा माणसं तीनच होती. मी काही बोललो नाही. खडू घेतला, 'सामान' खोडलं आणि तिथे आडवं अंथरूण आखलं. सपाट नाकात ते नीट बसलं. व्ही-नोजमध्ये बसलंच नसतं. अण्णा त्या रेघांमध्ये आडवे झाले, हात डोक्यामागे नेऊन अंतर पाहिलं आणि म्हणाले, "चार इंच उरतात."

जूनमध्ये ट्रेलर आला. सपाट नाक, कमानीचं छत. तीन महिने आम्ही दोघं गॅरेजमध्ये होतो. इतक्या कळकट कपड्यांत आणि इतक्या आनंदात मी त्यांना लहानपणी पाहिलं होतं, दापोडीहून सायकलवर घरी येताना. पाण्याची टाकी मी हिचजवळ ठेवणार होतो. अण्णांनी ती ॲक्सलवर आणायला लावली. २० गॅलन पाणी म्हणजे १६७ पौंड. हिचवरचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के राहायला हवा, आणि टाकी भरली-रिकामी झाली तरी तो फारसा हलू नये, हे त्यांना आकड्यांशिवाय ठाऊक होतं.

सप्टेंबरमध्ये हॉकिंग हिल्सला गेलो, ताशी ५५ मैलांनी. सगळ्या गाड्या आम्हाला मागे टाकून जात होत्या. रात्री धो धो पाऊस आला. मला जाग आली तेव्हा अण्णा आपल्या अंथरुणावर उठून बसले होते, वर हात लावून छत चाचपत होते.

"काय झालं अण्णा?"

"काही नाही. गळत नाही. झोप तू."

ऑक्टोबरमध्ये ते पुण्याला गेले. येत्या मे महिन्यात पुन्हा येणार आहेत. तोवर ती पुढची गादी आम्ही गुंडाळून ठेवलेली नाही. कुणाला असा ट्रेलर घ्यायचा असेल तर आधी घरी या. खडू माझ्याकडे आहे. आणि मेनंतर आलात तर अण्णाही असतील, माप त्यांच्याकडूनच घ्या.