पाचवं अक्षर

पॅन कार्डावरची दहा अक्षरं वाटतात तितकी रँडम नसतात. पहिली तीन नुसत्या क्रमाची. चौथं सांगतं कार्ड कोणाचं ते: व्यक्ती असेल तर 'पी', कंपनी असेल तर 'सी', हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर 'एच'. पाचवं तुमच्या आडनावाचं पहिलं अक्षर. मग चार आकडे, आणि शेवटी आधीचं सगळं बरोबर आहे का ते पडताळणारं एक अक्षर.

बहुतेक पुरुषांना यात काहीच खटकणार नाही. माझ्या ताईचे मात्र 24,000 रुपये या पाचव्या अक्षरात अडकले.

ताईनं पॅन काढलं पहिल्या नोकरीत. तेव्हा ती कदम होती. लग्नानंतर जाधव झाली. रीतसर अर्ज करून तिनं पॅनवरचं नाव बदलून घेतलं. नवं कार्ड आलं, नंबर मात्र जुनाच. तो बदलतच नाही. त्यामुळे नाव जाधव आणि पाचवं अक्षर 'के'. यात नियमाबाहेरचं काहीही नाही.

2023-24 मध्ये ती एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवायची. वर्षाचे 2,40,000 रुपये, त्यातून 10 टक्के टीडीएस. एवढ्या उत्पन्नावर तिला कर लागतच नव्हता, म्हणजे रिटर्न भरलं की सगळे पैसे परत. जूनमध्ये आम्ही तिचा फॉर्म 26एएस उघडला, तर त्यात क्लासचं नावच नाही.

क्लासचे अकाउंटंट काका म्हणाले, "टॅक्स भरलाय, चलन दाखवतो." ते खरं होतं. पैसे सरकारकडे पोचले होते, फक्त ताईच्या नावावर नव्हते. तिमाही विवरणपत्रात काकांनी पाचवं अक्षर 'जे' टाकलं होतं. "आडनाव जाधव ना? झेरॉक्समध्ये 'के' दिसत होतं, म्हणून मीच सुधारलं." असा पॅन अस्तित्वातच नव्हता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डेटाबेस शिकताना सुरुवातीलाच सांगतात, की ज्या नंबरानं माणूस ओळखायचा त्यात बदलू शकणारी माहिती घालू नये. पत्ता नको, शाखा नको, आडनाव तर नकोच. पण आडनाव ही बदलणारी गोष्ट आहे, हे ते कधी बदलावं न लागलेल्या माणसाला चटकन सुचत नाही. मलाही ताईच्या निमित्तानंच दिसलं.

वर ही चूक ताईला दुरुस्त करता येत नाही. 26एएसमध्ये करदात्याला हात लावता येत नाही. सुधारित विवरणपत्र फक्त टीडीएस कापणाराच भरू शकतो. पैसे तिचे, चूक त्यांची, आणि दुरुस्तीची किल्लीही त्यांच्याकडेच.

तीन आठवडे "पुढच्या सोमवारी करतो" चाललं. ताई जोर लावायला तयार नव्हती. "फार मागे लागले तर पुढच्या बॅचला बोलावणार नाहीत रे," म्हणाली. 31 जुलै जवळ येत होता.

शेवटी तिनं एक छोटी ईमेल लिहिली. पॅन कार्डाची प्रत जोडली आणि खाली एक ओळ: पॅन अवैध ठरला तर कलम 206एएनुसार 20 टक्के दर लागतो आणि कमी कापलेल्या रकमेची मागणी कापणाऱ्याकडे येते. धमकी नव्हती, नियम होता. दोन दिवसांत सुधारित विवरणपत्र गेलं. काही दिवसांनी 26एएसमध्ये 24,000 दिसले, रिटर्न वेळेत भरलं, रिफंड आला. पुढच्या बॅचलाही तिला बोलावलं.

तुमचा टीडीएस कापला जात असेल तर वर्ष संपायची वाट पाहू नका. दर तिमाहीचं विवरणपत्र भरून झालं की 26एएस उघडून बघा. चूक लवकर सापडली तर ती आठवण करून देण्याइतकीच छोटी असते. जुलैत सापडली तर भांडण होते.

ताई आता पॅनची झेरॉक्स कुठेही देताना खाली पेनानं लिहिते: पाचवं अक्षर माहेरच्या आडनावाचं आहे. बरोबर आहे. सुधारू नये.