उशाशी पहारा



तुम्ही सप्ताहात वीणेचा पहारा केला असेल. केला नसेल तर निदान मंडपातल्या फळ्यावरची यादी तरी वाचली असेल. कोणत्या वेळेला कोणत्या वस्तीची माणसे, हे त्यावर खडूने लिहिलेले असते. सात दिवस आणि सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मध्ये एक नमस्कार होतो आणि नाम चालू राहते. पहाटे दोनचा पहारा मनापासून कोणालाच नको असतो, तरी तो रिकामा राहिलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या कवठे येमाईत कांद्याची काढणी असो की उसाला रात्रीचे पाणी द्यायचे असो, पहाऱ्याचा माणूस वेळेवर हजर होतो.

आता मला तुम्हाला एक विचारायचे आहे. ज्या गावाला हे जमते, त्या गावातला माणूस मरणाला टेकला म्हणजे रात्री त्याच्या उशाशी कोण असते? दिवसा गर्दी असते. भेटायला येणारे चहा घेतात, हळहळतात, 'काही लागलं तर सांगा' म्हणतात आणि जातात. रात्री मात्र एकच बाई असते. कधी बायको, कधी सून. तिने दिवसभर जनावरे पाहिलेली असतात, स्वयंपाक केलेला असतो, आणि आता ती कण्हणे ऐकत भिंतीला टेकून बसलेली असते. तिच्या गळ्यातली वीणा घ्यायला कोणी येत नाही.

हे मला सुचले ते आमच्या तात्यांच्या आजारपणात. तात्या माझे थोरले चुलते. दिंडीत वीणा त्यांच्याकडे असायची. त्यांना अन्ननलिकेचा कर्करोग झाला आणि कळले तेव्हा तो पुष्कळ पसरला होता. ज्या दवाखान्यात तपासण्या झाल्या तिथे शेवटी एवढेच सांगितले की, 'आता करण्यासारखे काही नाही, घरी न्या.' घरी न्यायचे म्हणजे नेऊन काय करायचे, हे कोणी सांगितले नाही. माउली, 'करण्यासारखे काही नाही' हे वाक्य तुमच्याही घरात कधीतरी ऐकू आले असेल. रोग बरा करण्याचे उपाय संपले, एवढाच त्याचा खरा अर्थ. माणसासाठी करण्याचे पुष्कळ काही त्यानंतरच सुरू होते.

दिंडीतल्या एका माउलीच्या सांगण्यावरून आम्ही तात्यांना पुण्यात वारज्याला सिप्लाच्या केंद्रात नेले. 1997 पासून हे केंद्र कर्करोगाच्या रुग्णांची सेवा विनामूल्य करते. रुग्णाबरोबर घरचे माणूस तिथे राहते आणि सेवा कशी करायची ते शिकते. आमच्या काकू तिथे राहिल्या. बारा दिवसांत त्या जे शिकल्या, ते नंतर आम्ही सगळे त्यांच्याकडून शिकलो.

पहिली गोष्ट दुखण्याची. तात्यांना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. गावात कुजबुज झाली की ही अफूची गोळी, माणूस व्यसनी होतो, लवकर जातो. तुमच्याही गावात होईल, म्हणून लिहितो. मॉर्फिन अफूपासून होते हे खरे. पण कर्करोगाच्या वेदनेवर जाणत्या डॉक्टरांनी मोजून दिलेले मॉर्फिन माणसाला व्यसनी करत नाही आणि त्याचे मरणही ओढून आणत नाही. साधी गोळी चार-चार तासांनी घड्याळ बघून द्यायची, दुखेपर्यंत थांबायचे नाही. तिने पोट बांधले जाते, म्हणून जुलाबाचे औषध सोबत चालू ठेवायचे. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी राहते. आपल्या देशात अंमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यामुळे हे औषध मिळणे फार अवघड होऊन बसले होते. 2014 मध्ये कायदा दुरुस्त झाला, तरी अजून ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. घरी आल्यावर तिसऱ्या रात्री तात्या सलग पाच तास झोपले. काकू दोनदा उठून श्वास चालू आहे ना ते पाहून आल्या.

दुसरी गोष्ट कुशीची. पडून राहिलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर माकडहाड, खुबे, टाचा इथे कातडी सडते. कातडी लाल दिसली की ती चोळायची नाही, तिच्यावरचा भार काढायचा. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही! हे ऐकताच भजनी मंडळातला आमचा पखवाजी म्हणाला, "मंग हा पहाराच झाला की."

आम्ही सप्ताहाची वही काढली आणि मागच्या पानावर यादी केली. दोन-दोन तासांचे पहारे. यायचे, हातपाय धुवायचे, तात्यांना वळवायचे, ओठ ओले करायचे, गोळीची वेळ असेल तर गोळी द्यायची, वहीत टिंब करायचे आणि बसायचे. बोलावे वाटले तर बोलायचे, नाहीतर गप्प राहायचे. आमच्याकडे बिबट्याचे भय आहे, मळ्यातली माणसे रात्री एकटी निघत नाहीत. म्हणून रात्रीचे पहारे जोडीने लावले, बॅटरी आणि मोटारसायकल घेऊन.

सगळे गोड झाले असे समजू नका. पहिल्या आठवड्यात पुरुष मंडळी येत, हरिपाठ म्हणत, आणि कपडा खराब झाला की काकूंना हाक मारत. म्हणजे नाम आमचे आणि मळ काकूंचा! काकू काही बोलल्या नाहीत. माझी चुलत बहीण बोलली. "पहाऱ्यावर जो असंल त्यानंच बदलायचं, नायतर येऊ नका," असे तिने सरळ सांगितले. दोघेतिघे यायचे थांबले. सोवळ्याचे नाव पुढे केले, खरे कारण किळस. पखवाजी मात्र राहिला. रोज पखवाजाला कणीक लावणारे त्याचे हात, ते ओले फडके हातात घ्यायला कचरले नाहीत. आमच्यात सगळ्यांत हलक्या हाताने तात्यांना वळवायचा तो.

पुंडलिकाची कथा आपण किती कीर्तनांत ऐकली, माउली. देव दारात आला, याने वीट फेकली, देव उभा राहिला. सगळे कीर्तनकार विटेकडे बघतात, तिथे रंगतात. आत पुंडलिक नेमके काय करत होता, हे कोणी रंगवून सांगत नाही. 'आई-वडिलांची सेवा' एवढ्या तीन शब्दांत ते आटोपते. पाय चेपणे तर त्यात होतेच. पण म्हातारी माणसे होती ती. थुंकी पुसणे, धोतर बदलणे, पाठीखाली हात घालून उचलणे हेही असणार. देवाला थांबवावे एवढे मोठे काम असेल तर ते हेच असणार, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट अन्नाची, आणि ती घरच्यांना सगळ्यांत जड जाते. शेवटच्या दिवसांत भूक जाते, कारण शरीरालाच अन्न नको असते. माणूस जेवत नाही म्हणून मरतो असे नव्हे, तो मरणाच्या वाटेवर असतो म्हणून जेवण सुटते. बळेबळे भरवलेला घास श्वासनळीत जातो. आपल्याकडे शेवटी तोंडात गंगाजल घालतात, तुळशीपत्र ठेवतात. जरूर ठेवा. पण शुद्ध हरपलेल्या माणसाच्या घशात पळीभर पाणी ओतू नका, त्याने तो गुदमरतो. कापूस भिजवून ओठांना आणि जिभेला लावा. गंगा तेवढ्यानेही पोहोचते. घशात घरघर लागली तर ती गिळता न आलेल्या लाळेची असते. आपल्याला ऐकवत नाही, पण बेशुद्ध माणसाला तिचा त्रास बहुधा होत नसतो. कुशीवर वळवून डोके थोडे उंच ठेवले की ती कमी होते, आणि तिच्यावर औषधही मिळते.

सिसिली सॉन्डर्स नावाच्या एक विदुषी इंग्लंडात होऊन गेल्या. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. मरणाऱ्या माणसांसाठी त्यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था उघडली. आजची ही सगळी शुश्रूषा त्यांच्या कामातून वाढली आहे. आपल्या मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 चे, देशातले पहिले. सॉन्डर्सबाईंचे म्हणणे असे की मरणाऱ्याचे दुखणे एकाच जागी नसते. शरीर दुखते, मन दुखते, घरादाराची काळजी दुखते, आणि 'माझे पुढे काय' हेही दुखते. गोळी यातल्या एकाच दुखण्याला लागू पडते. त्यांच्या एका लेखाचे शीर्षकच 'माझ्यासोबत जागे राहा' अशा अर्थाचे आहे. ते शब्द येशूच्या तोंडचे, अटकेच्या रात्रीचे. मला ते कळले तेव्हा आमची वही आठवली.

तात्यांची बाकीची दुखणी कळायला वेळ लागला, कारण घरात सगळ्यांनी ठरवून टाकले होते की त्यांना काही सांगायचे नाही. 'बरं वाटंल आता,' असे जो तो म्हणे. ज्येष्ठ लागला तसे त्यांनी मला एका रात्री विचारले.

"प्रस्थान कधी हाय रं?"

"वद्य अष्टमीला, तात्या."

"मला खोटं सांगू नको. ही वारी माझी व्हईल का?"

मी म्हणालो, "चालायचं तर नाय जमायचं, तात्या. किती दिवस हायेत ते डॉक्टरलाबी सांगता येत नाय. पण दुखू द्यायचं नाय, तेवढं आमच्याकडं."

ते बराच वेळ वर आढ्याकडे बघत होते. मग एकदम मोकळे झाल्यासारखे तीन कामे सांगू लागले. वीणा कोणाकडे द्यायची ते सांगितले. सातबाऱ्यावर काकूंचे नाव लावायचे राहिले होते, त्यासाठी तलाठ्याकडे जायला सांगितले. आणि धाकट्या भावाला बोलवायला सांगितले. बांधावरून अकरा वर्षे दोघांचे बोलणे नव्हते. आम्ही 'बरं वाटंल' म्हणत राहिलो असतो तर ही तिन्ही कामे त्यांच्याबरोबर गेली असती.

धाकटे चुलते दुसऱ्याच दिवशी आले. बांधाचा शब्द कोणीच काढला नाही. वडिलांच्या वेळच्या एका मारक्या बैलाच्या गोष्टी दोघे तासभर काढत बसले. मग धाकटे काका स्वतः उठून वही घेऊन आले आणि पहाटे दोनच्या पहाऱ्यावर आपले नाव घातले.

अष्टमी जवळ आली तशी वहीत खाडे पडायला लागले. आमच्यातल्या काहींची पिढ्यानपिढ्यांची वारी. 'वारी चुकवायची कशी?' हा प्रश्न खोटा नव्हता, आणि त्यावर दोन संध्याकाळ बोलणे झाले. कोणी पुंडलिक काढला, कोणी नेम काढला. शेवटी निम्मे गेले, निम्मे राहिले. मोकळे झालेले पहारे बायकांनी घेतले आणि तेव्हापासून वही जास्त नीट लिहिली गेली. जाणाऱ्यांनी वर्गणी काढून हवेची गादी आणून दिली. मी राहिलो. त्या वर्षी माझी वारी चुकली असे मी मानत नाही, आणि गेलेल्यांचे काही चुकले असेही मानत नाही.

पालखी दिवेघाट चढत होती त्या दिवशी तात्या बोलायचे थांबले. मुलांनी मोबाइलवर घाटातले भजन लावून कानाशी धरले. डोळे उघडले नाहीत, कपाळावरची आठी मात्र सैल झाली. ऐकू येत होते का? 2020 साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मरणासन्न, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतल्या लहरी तपासल्या. त्यांतल्या काहींचा मेंदू निरोगी माणसासारखाच आवाजाला जागत होता. ऐकलेले त्यांना समजत होते की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. पण मरणाऱ्याच्या उशाशी वाटणीचे आणि खर्चाचे बोलू नये, नाम घ्यावे, ही आपल्या म्हाताऱ्यांची रीत मला त्यानंतर अधिकच पटली. त्याच रात्री, साडेतीनला, धाकट्या काकांच्या पहाऱ्यात तात्या गेले. काकांनी लगेच कोणाला उठवले नाही. आधी काकूंना हळूच हाक मारली, आणि ती दोघे थोडा वेळ तशीच बसून राहिली.

हे काही आम्हीच शोधून काढलेले नाही. केरळात कोझिकोडला 1993 साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी हे काम सुरू केले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या साध्या माणसांनी थोडे शिकून घेऊन ते आपल्या अंगावर घेतले. आपल्याकडे तर दिंड्या, भजनी मंडळे, पहाऱ्याची सवय सगळे तयार आहे. तुमच्या आरोग्य उपकेंद्रात आशाताईंना विचारा. आयुष्मान आरोग्य मंदिरात द्यायच्या सेवांच्या यादीत ही शुश्रूषा आहे. मागणारे असले की यादीतले बाहेर येते.

तात्यांनंतर आमच्या वहीत आणखी चार नावे झाली. त्यांतल्या एक मावशी अजून आहेत, आणि पहारा चालू आहे. हवेची गादी, भांडे आणि पाठीला लावायच्या दोन उशा मंदिरात टाळ-पखवाजाच्या पेटीशेजारी ठेवल्या आहेत. आसपासच्या गावांत, टाकळी हाजीकडे किंवा पलीकडे, कोणाला लागल्या तर घेऊन जा. चिठ्ठी लिहून ठेवा, आणि गादी परत आणताना कडक उन्हात वाळवू नका, रबर चिरते.